चौकोनी कंसात शिरताना: रेजेक्सचा पार्सर कॅरेक्टर क्लास कसा वाचतो

मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा हा छोटासा पॅटर्न पाहा:

[^]०-९क-]

मोजून नऊ चिन्हं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला तो दिला तर अर्थ निघतो: कोणतंही एक कॅरेक्टर चालेल, पण बंद चौकोनी कंस नको, देवनागरी अंक नको, क नको आणि डॅशही नको. तोच पॅटर्न जावास्क्रिप्टला दिला तर ती पहिली तीन चिन्हं म्हणजेच अख्खा क्लास (चौकोनी कंसातली कॅरेक्टरांची यादी) असं धरते, त्याचा अर्थ ‘काहीही एक’ असा लावते आणि उरलेली सहा चिन्हं मजकुरात जशीच्या तशी शोधत बसते. दोघांपैकी कुणाचंच चुकलेलं नाही. दोघांनी आपापले नियम काटेकोर पाळले आहेत. फरक पडला तो एकाच प्रश्नावर: उघडलेला कंस बंद कुठे होतो?

असा पॅटर्न म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन, रोजच्या बोलण्यातलं रेजेक्स. तो वाचून अर्थ लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, लिहायला बसलं की सगळं लक्ष गोल कंस, स्टार, पर्यायाची उभी रेघ यांच्याकडे जातं. चौकोनी कंस सोपे वाटतात. आतली यादी उचलायची की झालं काम. माझं मत याच्या अगदी उलट आहे. पार्सरमधली सगळ्यात निसरडी जागा हीच, कारण चौकोनी कंस उघडला की त्या क्षणापासून भाषाच बदलते. बाहेरचं व्याकरण उंबऱ्याशी थांबतं आणि आत दुसरं व्याकरण सुरू होतं. ही गोष्ट ज्या पार्सरला पहिल्यापासून ठाऊक असते त्याचं पुढचं काम सरळ होतं. ज्याला ती नंतर कळते त्याच्यात ठिगळंच ठिगळं दिसतात.

गंमत म्हणजे मूळ गणितात चौकोनी कंस नव्हतेच. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात रेग्युलर संचांची जी कल्पना मांडली तिला तीन क्रिया पुरतात: एकापुढे एक जोडणं, पर्याय देणं आणि पुन्हा पुन्हा घेणं. [कखग] याचा अर्थ ‘क किंवा ख किंवा ग’ इतकाच, आणि तो (क|ख|ग) असाही लिहिता येतो. चौकोनी कंस ही लिहिणाऱ्याची सोय आहे. पण दहा अंक, शेकडो अक्षरं किंवा ‘हे सोडून सगळं’ असं म्हणायचं असेल तर या सोयीवाचून गत्यंतर नाही. ‘हे सोडून सगळं’ पर्यायांच्या रूपात लिहायला गेलं तर लाखांवर उभ्या रेघा लागतील.

आतलं व्याकरण

बाहेर टिंबाचा अर्थ ‘कोणतंही कॅरेक्टर’. आत टिंब म्हणजे निव्वळ टिंब. स्टार, प्लस, प्रश्नचिन्ह, गोल कंस, उभी रेघ, डॉलर ही सगळी मंडळी आत आली की त्यांची सत्ता संपते आणि ती साधी चिन्हं होतात. उलट डॅशला बाहेर काहीच किंमत नाही, पण आत तो रेंज, म्हणजे ‘इथपासून तिथपर्यंत’, बनवतो. कॅरेट (^) बाहेर ‘ओळीची सुरुवात’ सांगतो, आत पहिल्याच जागी असेल तर सगळा अर्थ उलटवतो आणि दुसऱ्या कुठल्याही जागी असेल तर मुकाट कॅरेट म्हणून राहतो. बॅकस्लॅश-बी बाहेर शब्दाची सीमा दाखवतं, पण पर्ल, पायथन आणि जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषांतही कंसाच्या आत त्याचा अर्थ बॅकस्पेस हे कॅरेक्टर असा होतो.

आतल्या व्याकरणाचा स्वभाव बाहेरच्याहून वेगळा असण्याचं कारण म्हणजे इथे अर्थ चिन्हावर कमी आणि चिन्हाच्या जागेवर जास्त ठरतो. बंद कंस पहिल्या जागी असेल तर तो यादीतला एक सदस्य, इतरत्र असेल तर शेवट. डॅश मधे असेल तर रेंज, पहिला किंवा शेवटचा असेल तर साधा डॅश. हे नियम १९९२ च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या प्रमाणात नीट लिहिलेले आहेत. ते तसे असण्यामागे पक्कं कारण आहे: पॉझिक्समध्ये कंसाच्या आत बॅकस्लॅशलाही काही सत्ता नाही. तिथे एस्केप करायची, म्हणजे चिन्हाआधी बॅकस्लॅश लावून त्याचा खास अर्थ काढून टाकायची, सोयच नसल्यामुळे बंद कंस किंवा डॅश यादीत घालायचा तर जागा बदलणं एवढा एकच मार्ग उरतो.

पुढे पर्ल आणि त्याच्या वळणावर गेलेल्या इंजिनांनी (रेजेक्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमांनी) आत बॅकस्लॅशला एस्केपचं काम दिलं, पण जागेचे जुने नियमही ठेवले. त्यामुळे हे चार चिन्हांचं प्रकरण पाहा:

[\]]

पर्ल किंवा पायथन म्हणेल, हा एकच क्लास आहे आणि त्यात बंद कंस आहे. पॉझिक्सप्रमाणे चालणारं ग्रेप हे शोधाचं साधन म्हणेल, क्लासमध्ये फक्त बॅकस्लॅश आहे, तिसऱ्या चिन्हाला क्लास संपला आणि चौथं चिन्ह म्हणजे मजकुरातला बंद कंस. म्हणजे एक इंजिन एक कॅरेक्टर शोधतं, दुसरं दोन.

जावास्क्रिप्टने तिसरीच वाट धरली. तिथे बंद कंस पहिल्या जागी असला तरी शेवटच. म्हणून [] हा रिकामा क्लास ठरतो, जो कशाशीच जुळत नाही, आणि [^] हा रिकाम्याचा नकार, जो नवीन ओळीसकट सगळ्याशी जुळतो. तर्काच्या दृष्टीने मला हाच नियम सगळ्यात स्वच्छ वाटतो. रिकामा संच ही संचांच्या जगात अगदी सभ्य गोष्ट आहे, आणि तिला लिहिण्याची पद्धत असायला हवी. पण जुने पॅटर्न जुन्या नियमावर लिहिलेले असतात, म्हणून पीसीआरई२ सारख्या रेजेक्स लायब्ररीत मूळ वागणूक पर्लसारखी ठेवून रिकाम्या क्लाससाठी वेगळा पर्याय दिलेला आहे.

शेवट शोधणं

आता पार्सरच्या आधीच्या टप्प्याकडे पाहू. पुष्कळ साधनं पूर्ण पार्सर लिहीत नाहीत. रंग देणारे एडिटर, पॅटर्नमधले गट (गोल कंसातले भाग) मोजणारे प्रोग्रॅम, पॅटर्नचे उभ्या रेघेवर तुकडे करणाऱ्या स्क्रिप्ट, हे सगळे पॅटर्नवरून भरभर नजर टाकतात. त्यांच्यातली नेहमीची चूक म्हणजे ‘उघडा कंस दिसला, आता पुढचा पहिला बंद कंस शोधा’. सुरुवातीचा पॅटर्न पायथनच्या नियमांनी किंवा [\]] पर्लच्या नियमांनी वाचायचा तर ही पद्धत फसते. कंसाकडे पाहिलंच नाही तर आणखी फसगत. [(] मध्ये गोल कंस आहे, पण गट नाही. [|] मध्ये उभी रेघ आहे, पण पर्याय नाही. गट मोजणाऱ्या प्रोग्रॅमला चौकोनी कंसाची जाणीव नसेल तर त्याचा आकडा चुकतो, आणि पुढे ‘तिसऱ्या गटातला मजकूर द्या’ म्हटल्यावर चौथ्यातला हाती येतो.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण जावास्क्रिप्टच्या लेक्सरमध्ये, म्हणजे कोडचे सुटे तुकडे पाडणाऱ्या भागात, आहे. तिथे रेजेक्स दोन तिरप्या रेघांच्या मधे लिहितात. मग रेजेक्सच्या आतच तिरपी रेघ हवी असेल तर?

/[/]/

१९९९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ३ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तेव्हाच्या प्रमाणात, हे चालत नव्हतं. २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ ने क्लासच्या आतली तिरपी रेघ रेजेक्स संपवत नाही असं ठरवलं. याचा अर्थ असा की जावास्क्रिप्टच्या लेक्सरला रेजेक्सचं पूर्ण व्याकरण माहीत नसलं तरी चालेल, पण ‘आत्ता मी चौकोनी कंसाच्या आत आहे की बाहेर’ एवढं माहीत असावंच लागतं. पर्लची पद्धत याच्या उलट आहे. पर्ल आधी शेवटची तिरपी रेघ शोधतो आणि मग आतला पॅटर्न वाचायला घेतो. त्यामुळे वरचा पॅटर्न पर्लमध्ये दुसऱ्याच तिरप्या रेघेवर तुटतो, आणि आत उरतो तो फक्त एक उघडा कंस. कामाचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, याचं इतकं नेमकं उदाहरण क्वचित सापडतं.

डॅशचा निर्णय

आता प्रत्यक्ष वाचन. कंस उघडला, पुढे कॅरेट असेल तर ‘उलट’ अशी नोंद केली. मग फेरा सुरू होतो. प्रत्येक फेरीत एक घटक वाचायचा. घटक म्हणजे साधं चिन्ह, एस्केप केलेलं चिन्ह किंवा बॅकस्लॅश-डी सारखा तयार संच. घटक वाचला की पुढे डोकावायचं. पुढे डॅश आहे का? नसेल तर घटक यादीत टाकून पुढची फेरी. असेल तर अजून एक पाऊल पुढे डोकावायचं: डॅशच्या नंतर बंद कंस आहे का? असेल तर डॅश साधा, घटक आणि डॅश दोन्ही यादीत. नसेल तर ही रेंज. डॅश गिळायचा, दुसरा घटक वाचायचा आणि दोन टोकं तपासायची.

सुरुवातीच्या नऊ चिन्हांवर हे चालवून पाहू, पायथनच्या नियमांनी. उघडा कंस, क्लासमध्ये शिरलो. कॅरेट, उलट अशी नोंद. बंद कंस आला, पण यादी अजून रिकामी आहे, म्हणून तो सदस्य. त्याच्यापुढे शून्य आहे, डॅश नाही, म्हणून यादीत टाकला. शून्याच्या पुढे डॅश, डॅशच्या पुढे नऊ, म्हणजे शून्य ते नऊ ही रेंज. मग क. त्याच्यापुढे डॅश आहे, पण डॅशच्या पुढे बंद कंस, म्हणून क आणि डॅश दोघेही सुटे सदस्य. शेवटी बंद कंस, यादी रिकामी नाही, क्लास संपला. पार्सरला दोन चिन्हं पुढे पाहावं लागलं ते फक्त डॅशपाशी.

या फेऱ्यामुळे [०-९-क] चाही उलगडा होतो. शून्य ते नऊ ही रेंज बनली. आता पुढचा घटक म्हणून डॅश स्वतःच वाचला जातो. त्याच्यापुढे क आहे, दुसरा डॅश नाही, म्हणून तो साधा डॅश. मग क. बहुतेक इंजिनं असंच करतात. पण लिहिणाऱ्याच्या मनात हेच होतं का, याची खात्री देता येत नाही. म्हणून डॅश हवा असेल तर तो अगदी शेवटी ठेवावा किंवा एस्केप करावा, असं मी आग्रहाने सांगेन.

रेंजच्या एका टोकाला तयार संच आला तर? बॅकस्लॅश-डी, मग डॅश, मग क. ‘सगळे अंक’ पासून क पर्यंत, याला काही अर्थच नाही. इथे इंजिनांचे स्वभाव दिसतात. पर्ल डॅशला साधा डॅश मानतो आणि इशारे चालू असतील तर इशारा देतो. पायथन सरळ एरर देतो. जावास्क्रिप्ट यू फ्लॅग (पॅटर्नसोबत द्यायची खूण) नसताना खपवून घेते, असताना एरर देते. पीसीआरई२ कडे इशारा द्यायची सोय नाही, म्हणून ती एरर देणं पसंत करते. मी एररच्या बाजूचा आहे. जिथे अर्थ लागत नाही तिथे अंदाज बांधणारा पार्सर लिहिणाऱ्याचं काम सोपं करत नाही, तो चूक फक्त पुढे ढकलतो.

टोकांचा क्रम उलटा असेल, म्हणजे [ग-क], तर पायथन, पर्ल आणि जावास्क्रिप्ट तिघेही एरर देतात. पण क्रम सुलटा असूनही रेंज चुकीची असू शकते, आणि तिथे कुठलाही पार्सर ओरडत नाही. मोठ्या लिपीतल्या ए पासून छोट्या लिपीतल्या झेडपर्यंत लिहिलेली रेंज हे याचं प्रसिद्ध उदाहरण. संगणकात मोठ्या झेडचा क्रमांक ९०, छोट्या ए चा ९७. मधल्या ९१ ते ९६ या जागांवर दोन्ही चौकोनी कंस, बॅकस्लॅश, कॅरेट, अंडरस्कोर आणि बॅकटिक बसलेले आहेत. ‘फक्त अक्षरं’ तपासणाऱ्या पॅटर्नमधून ही सहा चिन्हं आरामात आत येतात.

कंसातले कंस

पॉझिक्सने तयार संचांना नावं दिली. ती लिहायची पद्धत म्हणजे चौकोनी कंस, विसर्गासारखे दोन ठिपके, नाव, पुन्हा ठिपके, बंद कंस. मात्र हा सगळा मजकूर बाहेरच्या चौकोनी कंसाच्या आतच असावा लागतो. म्हणजे कंस दुहेरी होतात. घाईत लिहिणारा बाहेरचे कंस विसरतो आणि मग नावातली सुटी अक्षरं व ठिपके एवढाच क्लास बनतो. ग्नूचं ग्रेप ही चूक ओळखून एरर देतं आणि बरोबर पद्धत कशी ते दाखवतं. पर्लही इशारा देतो. ही अशी मदत पार्सरमध्ये थोड्या ओळींत बसते आणि वापरणाऱ्याचे तास वाचवते.

पार्सरसाठी याचा परिणाम असा की आत आलेला उघडा कंस साधा मानायचा, पण त्याच्यापुढे ठिपके असतील तर थांबून नाव वाचायचं. इथवर ठीक आहे. खरी गुंतागुंत सुरू झाली ती क्लासच्या आत क्लास ठेवण्याची सोय आली तेव्हा. जावात दोन अँपरसँड म्हणजे दोन संचांतला समान भाग, आणि नुसता आत ठेवलेला क्लास म्हणजे बेरीज. डॉट नेटमध्ये वजाबाकी आहे: [क-ह-[ङञ]] म्हणजे क ते ह, पण ङ आणि ञ वगळून. ज्या इंजिनाला वजाबाकी माहीत नाही ते हाच पॅटर्न पहिल्या बंद कंसाशी संपवतं आणि शेवटचा कंस मजकुरात शोधतं. कुठेही एरर नाही, फक्त भलतंच उत्तर.

आतल्या क्लासवर बाहेरच्या कॅरेटचा हुकूम चालतो का, हा प्रश्न तर जावाने दोन वेळा दोन तऱ्हांनी सोडवला. [^क-ग[च-ज]] हा पॅटर्न घ्या. जावा ८ पर्यंत कॅरेट फक्त क ते ग याला लागू व्हायचा आणि आतला क्लास त्यात बेरजेने यायचा, म्हणून च जुळायचा. जावा ९ पासून कॅरेट आतल्या क्लाससकट सगळ्याला लागू होतो, म्हणून च जुळत नाही. नवी वागणूक जास्त समजण्यासारखी आहे यात शंका नाही. पण एका अक्षराचाही बदल न करता जुन्या पॅटर्नचा अर्थ बदलला, हेही तितकंच खरं.

पायथनने आत क्लास ठेवण्याची सोय अजून दिलेली नाही, पण ३.७ या आवृत्तीपासून क्लासच्या सुरुवातीलाच उघडा कंस दिसला किंवा दोन डॅश, दोन अँपरसँड अशी जोडी दिसली की इशारा मिळतो: पुढे कधीतरी याचा अर्थ बदलू शकतो. वाढायला जागा ठेवण्याची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

मोकळ्या जागेचा प्रश्नही इथलाच. पॅटर्न ऐसपैस लिहिता यावा म्हणून एक्स फ्लॅग असतो, तो पॅटर्नमधल्या स्पेस सोडून देतो. क्लासच्या आतही? पर्ल आणि पायथन म्हणतात नाही, आतली स्पेस ही सदस्य. जावा म्हणतं हो, तीही सोडा.

वाचून झाल्यावर

पार्सरच्या हाती शेवटी काय उरतं? बहुधा क्रमांकांच्या पट्ट्यांची यादी. प्रत्येक पट्टीला सुरुवात आणि शेवट. यादी क्रमाने लावायची, एकमेकांवर आलेल्या किंवा चिकटलेल्या पट्ट्या जोडायच्या. [०-५३-९] आणि [०-९] यांच्यात मग काही फरक उरत नाही. नकार हवा असेल तर पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागा घ्यायच्या. [^०-९] म्हणजे युनिकोडमधल्या (जगभरच्या लिप्यांतल्या कॅरेक्टरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणातल्या) ० ते २४०५ आणि २४१६ ते १११४१११ या दोन पट्ट्या, कारण देवनागरी शून्य २४०६ वर आणि नऊ २४१५ वर आहे. लाखांवर कॅरेक्टर दोन पट्ट्यांत मावले. पहिल्या २५६ क्रमांकांसाठी अनेक इंजिनं ३२ बाइटचा नकाशा ठेवतात, प्रत्येक क्रमांकाला एक बिट, म्हणजे तपासणी एका झटक्यात होते.

या नकारात नवीन ओळही येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाहेरचं टिंब सहसा नवीन ओळीपाशी थांबतं, पण [^क] थांबत नाही. ‘पुढचा क येईपर्यंत सगळं’ असं लिहिलं की शोध ओळी ओलांडत फाइलच्या शेवटापर्यंत जाऊ शकतो.

लहान-मोठ्या लिपीचा भेद न करण्याचा फ्लॅग असेल तर कामाचा क्रम जपावा लागतो. समजा क्लास आहे ‘छोटा ए सोडून सगळं’. आधी दोन्ही लिप्या जोडल्या आणि मग नकार घेतला, तर छोटा आणि मोठा दोन्ही ए वगळले जातात. अपेक्षित तेच आहे. पण आधी नकार घेतला तर संचात मोठा ए उरतो, मग लिप्या जोडताना त्याच्यामागून छोटा ए परत आत येतो आणि क्लास सगळ्याशीच जुळायला लागतो.

क ते ज्ञ

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. सगळी व्यंजनं हवीत म्हणून कुणीही सहज लिहील:

[क-ज्ञ]

शाळेत वर्णमाला अशीच तर शिकवली. पण ज्ञ हे युनिकोडमध्ये एक कॅरेक्टर नाही. ते तीन आहेत: ज, हलन्ताचं चिन्ह आणि ञ. पार्सरने क वाचला, डॅश पाहिला, पुढचा घटक म्हणून ज वाचला. रेंज झाली क ते ज, फक्त आठ व्यंजनं. मग हलन्ताचं चिन्ह सुटा सदस्य, आणि ञ सुटा सदस्य. त ते म, य ते ह, सगळी गायब. एरर नाही, इशारा नाही, आणि पडद्यावर पॅटर्न अगदी बरोबर दिसतो.

मग [क-ळ] लिहावं? आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, पण युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे, २३५५ वर बसलेला आहे. त्यामुळे व, श, ष, स, ह ही पाचही अक्षरं बाहेर राहतात. बरोबर रेंज आहे [क-ह], म्हणजे २३२५ ते २३६१. त्यात ३७ कॅरेक्टर येतात: आपली ३४ व्यंजनं ळ सकट, आणि शिवाय ऩ, ऱ, ऴ. ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ लिहिताना लागणारा ऱ त्यात आलाच हे चांगलं. मात्र हाच ऱ काही ठिकाणी र आणि खालचा नुक्ता असा दोन कॅरेक्टर मिळूनही साठवलेला असतो. क्लासमध्ये तसा लिहिला गेला तर पार्सर त्याचे दोन सदस्य करतो.

आणि [क-ह] बरोबर असली तरी तिने शब्द जुळत नाहीत. ‘मराठी’ या शब्दावर ती प्लससह चालवली तर ‘मर’ जुळतं, काना येताच शोध थांबतो, मग एकटा ठ जुळतो, वेलांटी बाहेर राहते. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र कॅरेक्टर आहेत आणि व्यंजनांच्या रेंजच्या बाहेर आहेत.

इंजिन बाइटवर चालणारं असेल तर परिस्थिती याहून बिकट होते. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत क म्हणजे २२४, १६४, १४९ हे तीन बाइट, आणि ह म्हणजे २२४, १६४, १८५. बाइट वाचणाऱ्या पार्सरला [क-ह] मध्ये सात घटक दिसतात आणि डॅशच्या दोन बाजूंना येतात १४९ आणि २२४. त्याच्या लेखी रेंज झाली १४९ ते २२४. ती सुलटी आहे म्हणून एरर नाही. देवनागरीच्या कुठल्याही दोन अक्षरांची रेंज घेतली तरी असंच होणार, कारण पहिल्या अक्षराचा शेवटचा बाइट नेहमी १२८ ते १९१ मधला असतो आणि दुसऱ्याचा पहिला बाइट नेहमी २२४. उलट क्रमाची [ह-क] सुद्धा बिनतक्रार पास होते. जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅगशिवाय इमोजींची रेंज लिहिली तर निदान बऱ्याचदा एरर तरी मिळतो, कारण तिथे इमोजीचे दोन तुकडे होतात आणि टोकं उलटी पडतात. देवनागरीच्या वाट्याला तेवढीही सूचना येत नाही. म्हणून कुठल्याही नव्या साधनात देवनागरी क्लास वापरण्याआधी, ते बाइट वाचतं की कॅरेक्टर, हे [ह-क] देऊन तपासावं. एरर आला तर समजावं की ते कॅरेक्टर वाचतं.

क्रमाचा आणखी एक जुना घोळ पॉझिक्सच्या बाजूला आहे. तिथे रेंजचा क्रम एकेकाळी त्या त्या भाषेच्या वर्णक्रमावरून ठरवायचा विचार होता. कागदावर ही कल्पना छान आहे, आपला ळ त्यात योग्य जागी आला असता. प्रत्यक्षात एकच रेंज वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळी अक्षरं जुळवू लागली. २००८ च्या पॉझिक्सने मूळ सी लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) सोडून इतरत्र रेंजचा अर्थ अनिश्चितच ठेवला.

ज्ञ ला एक अख्खा सदस्य म्हणून क्लासमध्ये घालायची सोय जावास्क्रिप्टमध्ये २०२४ च्या ईसीएमएस्क्रिप्टपासून आहे. व्ही फ्लॅग लावला की आत क्लास ठेवता येतात, दोन डॅशनी वजाबाकी होते, दोन अँपरसँडनी समान भाग मिळतो, आणि बॅकस्लॅश-क्यू च्या पुढे महिरपी कंसात उभ्या रेघांनी तोडून पूर्ण तुकडे देता येतात, जसं ज्ञ किंवा क्ष. अशा क्लासमध्ये जुळवणी करताना लांब तुकडे आधी तपासले जातात, म्हणजे ज आणि ज्ञ दोन्ही सदस्य असतील तर ज्ञ ला पहिली संधी. दोन डॅशांना आता वेगळा अर्थ आल्यामुळे पार्सरचे नियमही कडक झाले: गोल कंस, उभी रेघ, डॅश, उघडा चौकोनी कंस अशी चिन्हं या फ्लॅगखाली क्लासमध्ये एस्केप केल्याशिवाय लिहिता येत नाहीत.

पण अशा क्लासला कॅरेट लावता येत नाही. [^…] च्या आत लांब तुकडा आला तर पॅटर्न वाचतानाच एरर येतो. ‘ज्ञ सोडून सगळं’ याचा अर्थ एक कॅरेक्टर घ्यायचा, दोन की तीन, हे ठरवायला काही आधारच नाही. त्यामुळे पार्सरला क्लास वाचता वाचता एक जास्तीची खूण सोबत न्यावी लागते: यात लांब तुकडा असू शकतो का? बेरजेत कुठल्याही एका बाजूला तुकडा असला तरी उत्तर हो. समान भागात सगळ्या बाजूंना असला तरच हो. वजाबाकीत फक्त डावी बाजू पाहायची, कारण उजवीकडून भर कधी पडत नाही. एकाच कॅरेक्टरचा तुकडा मोजला जात नाही, रिकामा तुकडा मात्र मोजला जातो. हा निर्णय लिखाणाच्या रूपावरूनच होतो. समान भाग काढल्यावर प्रत्यक्षात एकही तुकडा उरत नसला, तरी दोन्ही बाजूंना तुकडे लिहिलेले असतील तर कॅरेटपाशी एरर येतोच.